स्प्रिंग कॅपवाल्या ब्लॅक लेबलवर बोली लावू का?

वाचकाचं पत्र, थोडं कापून:

"ताई, नमस्कार. मी एडिनबरामध्ये नोकरीला आहे. मागच्या वर्षी ऑफिसातल्या एका सीनियरनं त्याच्या घरी सत्तरच्या दशकातली व्हाइट हॉर्स पाजली आणि मी उडालोच, एका साध्या ब्लेंडेड ब्रँडला अशी चव असेल यावर विश्वासच बसेना. तेव्हापासून ऑनलाइन लिलावात जुन्या ब्लेंडेड स्कॉच घ्यायचा नाद लागलाय. घरी 11 बाटल्या झाल्यात, एकही उघडलेली नाही. बायकोनं विचारलं हे काय चाललंय, तर मी इन्व्हेस्टमेंट आहे म्हणून सांगितलं. आता पन्नासच्या दशकातली एक स्प्रिंग कॅपवाली जॉनी वॉकर ब्लॅक लेबल लिलावात येतेय, लेव्हल खांद्याच्या बरीच खाली आहे, 200 पाउंडांपर्यंत जाईल असं वाटतंय. घेऊ का? नकली असेल का? आणि या बाटल्या उघडायच्या की तशाच ठेवायच्या?"

ती ब्लॅक लेबल सोडून द्या. ब्रँड चांगला आहे, काळही चांगला आहे, पण लेव्हल, म्हणजे आतल्या व्हिस्कीची पातळी, बाटलीच्या खांद्याच्या बरीच खाली म्हणजे ते झाकण कित्येक वर्षं श्वास घेत होतं. स्प्रिंग कॅपच्या, म्हणजे स्प्रिंगनं दाबून बसणाऱ्या धातूच्या झाकणाच्या, बाटल्यांत थोडी घट असतेच, साधारण 1930 च्या दशकापासून साठच्या दशकापर्यंत ही झाकणं चालली आणि इतक्या वर्षांत ती शंभर टक्के घट्ट राहतील अशी अपेक्षाच चुकीची, त्यामुळे लेव्हल खांद्याच्या वरच्या भागात असेल तर मी खुशाल घ्या म्हणेन. त्याखाली गेली की दोन गोष्टी होतात, अल्कोहोल उडून जातं आणि त्या जागी हवा येते. 40 टक्क्यांची व्हिस्की दोन-तीन टक्क्यांनी जरी उतरली तरी तिचा कणा जातो, जुन्या अत्तराच्या कुपीसारखं होतं, वास येतो पण तोंडात काही उरत नाही. फोटोत व्हिस्की गढूळ दिसत असेल किंवा त्याच बाटलीच्या इतर लॉटपेक्षा रंग वेगळा दिसत असेल तर मग विचारच करू नका. फोटोत लेव्हल नीट दिसत नसेल तर लिलाव कंपनीला सरळ मेल टाका आणि मागून उजेड धरून काढलेला फोटो मागा, चांगल्या कंपन्या देतात. पन्नास-साठच्या दशकातली ब्लॅक लेबल स्कॉटलंडमधल्या ऑनलाइन लिलावांत परत परत येत असते, ही शेवटची नाहीये.

आता इन्व्हेस्टमेंटबद्दल, कारण इथे तुम्ही बायकोला जे सांगितलंत ते आकड्यात बसत नाही. समजा तुम्ही एका बाटलीवर 60 पाउंडांची बोली जिंकलात. वर बायर्स प्रीमियम, म्हणजे घेणाऱ्याकडून लिलाव कंपनी घेते ते कमिशन, बऱ्याच ठिकाणी 10 टक्के किंवा त्याहून जास्त, म्हणजे कमीत कमी 6 पाउंड. त्या प्रीमियमवर 20 टक्के व्हॅट, 1.20. डिलिव्हरी आणि इन्शुरन्सचे धरा 10. झाले 77 च्या वर. उद्या तीच बाटली त्याच लिलावात विकायला ठेवलीत आणि ती परत 60 लाच गेली, तर विकणाऱ्याकडूनही, समजा तेवढंच, कमिशन आणि त्यावर व्हॅट कापला जातो, हातात येतात 53 च्या आसपास, लॉटमागची छोटी फी असेल तर आणखी कमी. म्हणजे नुसतं घातलेले पैसे परत मिळायला ती बाटली 88 पाउंडांना जायला पाहिजे, जवळपास 46 टक्क्यांची वाढ, आणि हे सगळं नफा शून्य धरून! त्यात 2022 नंतर व्हिस्कीच्या लिलावांचा बाजार चांगलाच खाली आलाय. नोव्हेंबर 2023 मध्ये लंडनच्या सदबीजच्या लिलावात मॅकॅलन 1926 ची एक बाटली जवळपास 22 लाख पाउंडांना गेली तशा बातम्या वाचून वाटतं की सगळ्याच जुन्या स्कॉचचं सोनं होतं. त्या मोजक्या सिंगल माल्टच्या, म्हणजे एकाच डिस्टिलरीत निव्वळ मोड आणलेल्या जवापासून केलेल्या व्हिस्कीच्या, बाटल्या असतात हो. ब्लेंडेड ब्रँडच्या, म्हणजे अशा माल्टमध्ये इतर धान्यांची ग्रेन व्हिस्की मिसळून केलेल्या, बाटल्या लाखोंनी भरल्या गेल्या, जगभर गेल्या, आणि लोकांच्या कपाटांत, बंद पडलेल्या बारमध्ये, आजोबांच्या गॅरेजमध्ये अजून सापडतायत. त्यांची टंचाई नाही म्हणूनच सत्तरच्या दशकातली साधी बाटली अजून आजच्या एखाद्या बऱ्या सिंगल माल्टच्या किमतीत मिळते.

आणि मला विचाराल तर हीच खरी आनंदाची गोष्ट आहे, कारण त्या बाटलीत काय आहे ते बघा.

आज आपण सिंगल माल्टलाच खरी स्कॉच समजतो पण हा अलीकडचा प्रकार आहे. 1853 च्या सुमाराला तुमच्याच एडिनबरात अँड्र्यू अशरनं ओल्ड व्हॅटेड ग्लेनलिव्हेट काढली, 1860 च्या कायद्यानं बाँडमध्येच, म्हणजे कर भरण्याआधी माल ठेवायच्या गोदामातच, माल्ट आणि ग्रेन एकत्र करायची परवानगी मिळाली, आणि तिथून पुढे शंभर वर्षं स्कॉटलंडच्या बहुतेक माल्ट डिस्टिलऱ्या चालल्या त्या ब्लेंडवाल्यांना माल पुरवण्यासाठी. ग्लेनफिडिकनं सिंगल माल्ट बाहेरच्या देशांत नेटानं विकायला सुरुवात केली ती 1963 मध्ये. म्हणजे साठ-सत्तरच्या दशकात लागाव्हुलिन डिस्टिलरीत जी व्हिस्की बनत होती ती गेली कुठे? तिचा मोठा भाग व्हाइट हॉर्समध्ये गेला, कारण व्हाइट हॉर्सवाले पीटर मॅकी हे लागाव्हुलिनचेच मालक आणि हा ब्लेंड त्या माल्टच्या आधारावरच उभा राहिला. तुमच्या सीनियरच्या घरी तुम्हाला जो धूर, तेलकटपणा, मधासारखं काहीतरी लागलं असेल ते उगाच नव्हतं. तसंच टीचर्समध्ये आर्डमोर, ड्यूअर्समध्ये अ‍ॅबरफेल्डी, आयला मिस्टमध्ये लाफ्रॉइग. 1983 मध्ये डीसीएल (डिस्टिलर्स कंपनी लिमिटेड) या स्कॉचमधल्या बड्या कंपनीनं पोर्ट एलन, ब्रोरा, सेंट मॅग्डलीन, डॅलस ढू अशा कितीतरी डिस्टिलऱ्या एका फटक्यात बंद केल्या, आज त्यातल्या पोर्ट एलन किंवा ब्रोराची सिंगल माल्टची जुनी बाटली घ्यायला गेलात तर हजारात पाउंड मोजावे लागतात. पण या डिस्टिलऱ्या त्यांच्या काळात मुख्यतः ब्लेंडसाठीच राबत होत्या. तो काळ, ती पिंपं, ती जव भाजायची पद्धत, हे सगळं आपल्यासारख्या पगारदार माणसाला परवडेल अशा एकाच जागी शिल्लक आहे आणि ती जागा म्हणजे हे जुने ब्लेंड. म्हणून मला मनापासून वाटतं की या बाटल्या पिण्यासाठी घ्याव्यात. त्या कपाटात बंद ठेवून कुणाचंच भलं होत नाही.

एक गैरसमज मात्र काढून टाका, बाटलीत व्हिस्की म्हातारी होत नाही. 12 वर्षांची व्हिस्की 1965 मध्ये बाटलीत भरली असेल तर ती आजही 12 वर्षांचीच, आणि तो आकडा तिच्यातल्या सगळ्यात तरुण व्हिस्कीचा असतो, ग्रेन धरून. चवीत जो फरक लागतो तो एक तर त्या काळच्या मालाचा, त्यात शेरीच्या पिंपांचा मोठा वाटा, कारण तेव्हा शेरी ही वाइन स्पेनहून पिंपं भरभरून ब्रिटनमध्ये यायची आणि रिकामी पिंपं व्हिस्कीवाले उचलायचे, ऐंशीच्या दशकात ते बंद झालं. आणि दुसरा फरक बाटलीत हळूहळू शिरणाऱ्या हवेचा, ज्याला जाणकार ओल्ड बॉटल इफेक्ट म्हणतात, कधी त्यानं मेणासारखा, जुन्या लाकडासारखा सुंदर वास येतो आणि कधी नुसता धातूचा किंवा ओल्या पुठ्ठ्याचा.

साल ओळखायला शिका, म्हणजे लिस्टिंगमध्ये "1970 चं दशक" असं लिहिलेलं असलं तरी तुम्हाला स्वतःला पडताळता येईल. ब्रिटनमध्ये विकलेल्या बाटलीवर 70 डिग्री प्रूफ आणि 26⅔ फ्लुइड औंस असं छापलेलं असेल तर ती 1980 च्या आधीची, हे 70 प्रूफ म्हणजे आपले 40 टक्के, अमेरिकन प्रूफशी गल्लत करू नका, तिथे 40 टक्क्यांना 80 प्रूफ म्हणतात. 75 सीएल आणि 40 टक्के असं असेल तर साधारण ऐंशीचं दशक, आणि 70 सीएल असेल तर 1990 च्या आसपासची किंवा नंतरची. पण हा नियम ब्रिटनपुरता! इटलीसाठी भरलेल्या बाटल्यांवर 75 सीएल त्याच्या खूप आधीपासून असतं, आणि इटलीत साठ-सत्तरच्या दशकात स्कॉच प्रचंड जायची त्यामुळे लिलावात हा माल भरपूर येतो, झाकणावर टॅक्सची पट्टी चिकटवलेली दिसली तर आधी देश बघा आणि मग साल ठरवा. अमेरिकेत गेलेल्या बाटलीच्या काचेवरच "फेडरल लॉ फॉरबिड्स सेल ऑर रीयूज" असं उठावदार लिहिलेलं असेल तर ती 1935 ते 1964 च्या दरम्यानची समजायची. रॉयल वॉरंटमध्ये, म्हणजे राजघराण्याला माल पुरवल्याच्या लेबलवरच्या शिक्क्यात, कुठल्या राजाचं किंवा राणीचं नाव आहे तेही बघा, सहावा जॉर्ज 1952 मध्ये गेला, त्याच्या नावाआधी "लेट" असेल तर बाटली त्यानंतरची. आणि व्हाइट हॉर्सच्या कित्येक जुन्या बाटल्यांवर भरल्याचं सालच छापलेलं असतं, त्यामुळे सुरुवातीला शिकायला हा ब्रँड फार चांगला.

जॉनी वॉकर रेडचा एक किस्सा इथेच सांगते कारण तो साल ठरवायला उपयोगी पडतो. 1977 च्या शेवटी युरोपियन कमिशननं जॉनी वॉकरच्या मालक डीसीएलच्या दोन वेगवेगळ्या दरांवर, ब्रिटनमध्ये विकायला एक आणि युरोपात निर्यातीला दुसरा, आक्षेप घेतला, तेव्हा कंपनीनं चिडून ब्रिटनच्या बाजारातून रेड लेबलच काढून घेतलं आणि त्या जागी जॉन बार नावाचा नवा ब्लेंड आणला. म्हणजे त्यानंतरच्या काही वर्षांतली रेड लेबल दिसली तर ती बहुतेक निर्यातीची किंवा ड्यूटी फ्रीची. जॉन बार आज कुणी विचारत नाही, मिळाली तर घेऊन बघा.

नकलीबद्दल. स्कॉटलंडमधल्या ईस्ट किलब्राइडच्या विद्यापीठीय लॅबनं 2018 मध्ये 55 दुर्मिळ बाटल्यांची रेडिओकार्बन तपासणी केली आणि त्यातल्या 21 एक तर नकली निघाल्या किंवा लेबलवरच्या सालातल्या नव्हत्या. पन्नास-साठच्या दशकातल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-14 वाढला आणि तो जवातही उतरला, त्यामुळे नंतरची व्हिस्की जुनी म्हणून खपवली की लगेच पकडली जाते. यातल्या बऱ्याचशा महागड्या सिंगल माल्ट होत्या, पण लिलावात घेतलेला थॉर्न्स हेरिटेज नावाचा विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा म्हणून विकलेला एक ब्लेंडही होता हे लक्षात ठेवा. स्वित्झर्लंडमध्ये सेंट मॉरिट्झच्या एका हॉटेलात 2017 मध्ये एका ग्राहकानं 1878 ची मॅकॅलन म्हणून एका पेगला जवळपास 10,000 फ्रँक मोजले आणि तपासणीत निघाला 1970 च्या आसपासचा ब्लेंड! तर सरळ हिशोब असा की 50-60 पाउंडांच्या सत्तरच्या दशकातल्या बेल्स किंवा हेगची नक्कल करण्यात कुणाला काही मिळत नाही, तिथे फार घाबरू नका. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या बाटल्या, एकोणिसाव्या शतकातलं म्हणून येणारं काहीही, बुडालेल्या जहाजातून काढलेल्या बाटल्या, इथे मात्र कागदपत्रांशिवाय हात घालू नका. 1941 मध्ये एरिस्के बेटाजवळ एस. एस. पॉलिटिशियन जहाज हजारो पेट्या व्हिस्कीसकट फुटलं, त्यातल्या बाटल्या अधूनमधून विकायला येतात, पण कुणी काढली, कधी काढली आणि तेव्हापासून कुणाकडे होती याची साखळी नसेल तर तुम्ही फक्त एक गोष्ट विकत घेताय.

झाकणांचं म्हणाल तर नव्या माणसानं स्क्रू कॅपपासून सुरुवात करावी. व्हाइट हॉर्सनं 1926 मध्येच स्क्रू कॅप आणली होती आणि सत्तरच्या दशकापर्यंत ती सगळीकडे झाली, तिची लेव्हल सहसा मानेपर्यंत टिकते. बुचाच्या बाटल्या मजेच्या पण बूच आत सुटतं, तुटतं, चव लागते. सिरॅमिकच्या बाटल्यांपासून लांब राहा, विशेषतः बेल्सच्या त्या घंटेच्या आकाराच्या, 1981 च्या चार्ल्स आणि डायनाच्या लग्नाच्या वगैरे. त्या इतक्या निघाल्या आणि इतक्या लोकांनी जपून ठेवल्या की त्यांना किंमत नाही, वर आत किती उरलंय ते दिसत नाही, वजन करून अंदाज घ्यावा लागतो. मिनिएचरही तसेच, एवढ्याशा बाटलीतून थोडं जरी उडालं तरी अर्धी जाते. हाफ बॉटल मात्र आवर्जून बघा, संग्राहक तिच्याकडे फारसे वळत नाहीत आणि दोघांना प्यायला पुरेशी होते.

बोली लावताना तुमची कमाल रक्कम आधीच टाका, सगळे खर्च धरून आलेली रक्कम, आणि मग शेवटच्या तासाला स्क्रीनसमोर बसूच नका. बऱ्याच साइटवर शेवटच्या मिनिटाला बोली आली की वेळ वाढतो, त्यामुळे शेवटच्या क्षणी उडी मारून काही साधत नाही, उलट रात्री अकराला चुरशीत 60 चे 95 होतात. दोन-तीन लिलावांतल्या बाटल्या तिथेच साठवून एकत्र मागवता येतात का ते बघा, डिलिव्हरीचा खर्च वाटला जातो, पण फुकट किती दिवस ठेवतात तेही वाचून घ्या. आणि एकाच ब्रँडच्या वेगवेगळ्या दशकांतल्या बाटल्या घ्या, साठ, सत्तर, ऐंशी अशा तीन व्हाइट हॉर्स शेजारी शेजारी ओतून प्यायल्यात तर जे कळेल ते 30 वेगवेगळ्या ब्रँडच्या बंद बाटल्या बघून कधी कळणार नाही.

बायकोला खरं सांगा. हा नाद आहे, आवड आहे, यातून पैसे मिळणार नाहीत, आणि आत्तापर्यंत एवढे खर्च झाले, असा प्रीमियम, डिलिव्हरीसकट आकडा कागदावर लिहून द्या आणि महिन्याची मर्यादा दोघांनी मिळून ठरवा. त्यांना तुमचा छंद खुपत असेल असं मला पत्रावरून वाटत नाही, इन्व्हेस्टमेंट म्हणून सांगितलं आणि उद्या मुलांच्या फीला ते पैसे मोजायला गेलात तर मात्र खुपेल. तुमच्या त्या सीनियरसारखे आणखी दोन-चार जण जमवा, बाटली वाटून घ्या, खर्चही वाटला जातो आणि पिणंही बेताचं राहतं.

तोवर बाटल्या उभ्या ठेवा. वाइनसारख्या आडव्या अजिबात नकोत, अल्कोहोल बूच खातं. अंधार हवा, हीटरपासून आणि खिडकीपासून लांब, आणि झाकणाभोवती पॅराफिल्म, म्हणजे ताणून बसणारी मेणकट पट्टी, गुंडाळा.

आणि या आठवड्यात 11 पैकी एक उघडा. जिची लेव्हल सगळ्यात खाली आहे ती आधी, कारण ती थांबणार नाही. मानेभोवती जुनं धातूचं वेष्टण असेल तर ते पूर्ण काढा, त्यात शिसं असायचं, आणि तोंड ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसून मगच ओता. बुचाची असेल तर चहाची गाळणी आणि एक स्वच्छ रिकामी बाटली जवळ ठेवा, तुटलं तर सगळी गाळून दुसरीकडे काढता येते. ग्लासात ओतल्यावर लगेच नाक खुपसू नका, वीस मिनिटं थांबा, पहिल्यांदा धातूचा किंवा कोंदट वास आला तरी सिंकमध्ये ओतायची घाई नको, पुष्कळदा अर्ध्या तासात तो उडतो आणि खालून खरी व्हिस्की वर येते. दुसऱ्या दिवशीही तोच वास असेल तर मग ती गेली समजा आणि पुढची उघडा. चांगली निघाली तर अर्धी झाल्यावर छोट्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवा, जुने ब्लेंड उघडल्यावर लवकर उतरतात, फार महिने लावू नका.